बंदूक कुणाच्या हातात, केव्हा आणि कशासाठी?

(हिंगोली येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

काल रात्री जेवणं झाल्यावर सेनगावकडच्या एका पोरानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, अठ्ठ्याहत्तरला आपल्या वस्तीत एक जरी बंदूक असती तर वस्त्या जळाल्या असत्या का?" मी म्हणलं, उद्या सगळ्यांसमोर विचार. तो आत्ता मागं बसलाय, मान खाली घालून. मान वर कर गड्या. तू वंगाळ काही विचारलं नाहीस. हा प्रश्न इथं बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. पोटात दाबून ठेवला की त्याचा जाळ होतो, बोलला की त्याचा विचार होतो. म्हणून आज बोलू.

पहिल्यांदा आपण कुठं बसलोय ते बघा. हिंगोली हे बंदुकीचंच गाव आहे. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट इथंच आहे. कयाधूच्या काठाला बंदुकीचा आवाज नवा नाही. सवाल एवढाच, की गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात ती कशासाठी आली? आली तेव्हा चाकरीची म्हणून आली. दुसऱ्याचा खजिना, दुसऱ्याचं राज्य राखायला आली. स्वतःची झोपडी राखायला आली नाही.

गावगाड्यानं आपल्या आज्या-पणज्याच्या हातात वेसकराची काठी दिली. रात्रभर वेस राखायची, वसुलाचा ऐवज तालुक्याला पोचवायचा, चोर आला तर अंगावर घ्यायचा. गावाचं रक्षण आम्ही करायचं. आणि आमचं रक्षण? त्या कामाला गावगाड्यात बलुतेदारच नव्हता!

१ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात आमच्या बापजाद्यांनी बंदूक चालवून दाखवली. मग १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी ठरवलं की काही जातीच तेवढ्या लढवय्या आहेत, आणि महारांची भरती बंद केली. ती उघडावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. तिकडं १८६० च्या दंडविधानानं प्रत्येक माणसाला स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क दिला, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हत्यार परवान्यात बांधून टाकलं. हक्क सगळ्यांना, हत्यार मर्जीतल्यांना. या देशातल्या बंदुकीची गोष्ट एवढ्या एका ओळीत मावते.

आता अठ्ठ्याहत्तर. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आपण परभणीत होतो. आपला जिल्हा १ मे १९९९ चा. त्याच परभणी जिल्ह्यात १९७२ साली ब्राह्मणगावात आपल्या मायबहिणींना नागवं करून मारलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. मराठवाडा पेटला म्हणजे काय पेटलं? वाडे पेटले नाहीत. पेटल्या त्या आपल्या वस्त्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. एका नावासाठी! नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडली. सोळा वर्षं.

तर गड्या, तुझा सवाल. वस्तीत बंदूक असती तर? एका दारातली बंदूक एक रात्र राखते. त्या रात्री ती काढणं न्याय्य ठरलं असतं का, असं विचारशील तर माझं उत्तर सरळ आहे: हो, शंभर टक्के. हे मी रागानं बोलत नाही, कायद्याचं पुस्तक वाचून बोलतो. आणि तेच पुस्तक दुसरं जे काही सांगतं, तेही तुला ऐकावं लागेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधान गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमं ९६ ते १०६, ती आता ३४ ते ४४. नंबर बदलले, गाभा तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं, मालमत्तेचं रक्षण करणं हा गुन्हा नाही. "दुसऱ्याच्याही" हा शब्द ध्यानात ठेवा. शेजारच्या म्हातारीसाठी, अनोळखी बाईसाठीही तो हक्क आहे.

हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी जातो? कलम ३८ मोजून सांगतं. जीव जाईल अशी भीती असेल तर. जबर दुखापत होईल अशी भीती असेल तर. बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, पोलिसांपर्यंत पोचता येणार नाही असं कोंडून ठेवणं, ॲसिड फेकणं. आणि मालमत्तेचं कलम ४१: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आणि माणसं राहतात त्या घराला आग लावणं. ऐकलंत? राहत्या घराला आग लावणं! म्हणजे अठ्ठ्याहत्तरला मराठवाडाभर जे चाललं होतं, त्याच्याविरुद्ध हत्यार उचलायचा हक्क एकशेअठरा वर्षं आधीच कायद्यात लिहून ठेवलेला होता. तो आपल्याला कुणी वाचून दाखवला नाही, एवढंच.

पहिला घाव अंगावर घ्यायची गरज नाही. रॉकेलचा डबा घेऊन माणूस दारात आला, काडी हातात आहे, तर काडी ओढायची वाट बघा असं कायदा म्हणत नाही. वाजवी भीती उत्पन्न झाली की हक्क सुरू होतो. २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं एके ठिकाणी मांडलं. बापाच्या डोक्यात गंडासा घातला म्हणून पोरानं परवान्याची बंदूक झाडली, समोरचा मेला. कोर्टानं पोराला सोडलं. संकटातल्या माणसाकडून सोनाराच्या काट्यानं तोलून मारण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, आणि भल्या माणसानं भेकडासारखं पळालंच पाहिजे असंही कायद्याचं म्हणणं नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

इथं टाळ्या वाजवू नका. अर्धंच झालंय. आता दुसरी बाजू.

हा हक्क भीतीबरोबर जन्मतो आणि भीतीबरोबर मरतो. हल्लेखोर पाठ फिरवून पळाला की हक्क संपला. त्याच्या पाठीत घातलेली गोळी हा खून आहे. वाचवायला लागतं त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि भांडण तुम्हीच उकरून काढलं असेल, तर त्या हक्काचा बुरखा तुम्हाला मिळणार नाही.

आपल्याच गावातले प्रसंग घेऊन ताडून बघू.

एक. चावडीवर कुणीतरी तुला जातीवरून शिवी दिली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहे, फिर्याद द्यायची. बंदूक? नाही. शिवीला गोळी हे उत्तर नाही. नुसती रोखलीस तरी तूच आरोपी.

दोन. गायरानात तू कसलेल्या ज्वारीत दिवसाढवळ्या कुणी ढोरं घातली. पोटावर पाय आहे, मला कळतंय. ढोरं हाकल, अडव, चार माणसं बोलव. पण पिकासाठी माणसाचा जीव घ्यायचा हक्क कायदा देत नाही. तिथंच तो कुऱ्हाड घेऊन तुझ्या अंगावर आला, तर गोष्ट बदलली. आता सवाल पिकाचा नाही, जिवाचा आहे.

तीन. काल मारहाण झाली, आज तू हत्यार घेऊन त्याच्या आळीत गेलास. हा सूड. सूडाला या संहितेत एक ओळसुद्धा नाही.

चार. रात्र आहे, जमाव वस्तीत शिरलाय, हातात कुऱ्हाडी आणि रॉकेल, आत लेकरं झोपलीत. इथं बंदूक काढणं न्याय्य आहे. आधी ओरडून बजावता येत असेल तर बजाव. नुसती दाखवून जमाव थांबला, तर चाप ओढायचा नाही; कारण थांबला की भीती कमी झाली, आणि भीती कमी झाली की हक्कही आटला.

जमावाबद्दल कायद्यात एक उदाहरण १८६० पासून छापलेलं आहे. जमाव जीव घ्यायला आलाय, गोळी झाडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि जमावात लहान पोरंही मिसळलीत. गोळी झाडली आणि पोराला लागली, तरी तो गुन्हा नाही. कायदा असं म्हणतो. मी तुम्हाला त्याच्या पुढं जाऊन सांगतो. ते पोर तुझं वैरी नाही. बापानं बोट धरून आणलं म्हणून ते आलं. त्याला चुकवता येत असेल तर स्वतःचं घर जळालं तरी चुकव. आपण माणूसपणाची लढाई लढतोय, हे विसरून जिंकलेली रात्र आपली नसते.

आता कायद्यातली एक मेख. कलम ३७ म्हणतं, सरकारी यंत्रणेकडं धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. लिहिणाऱ्यानं धरून घेतलं की धाव घेतली की यंत्रणा येते! वस्ती गावाबाहेर, ठाणं तालुक्याला, पोलीस पाटील त्यांचाच पाहुणा. ठाण्यात गेलं तर दोन तास बसवून ठेवतात, आणि आपली फिर्याद लिहायच्या आत समोरच्याची दरोड्याची उलटी फिर्याद तयार होते. म्हणून सांगतो, जीव धोक्यात असतानाही एक काम करा. ११२ ला फोन लावा. घरातल्या बाईनं लावावा, पोरीनं लावावा. गाडी येईल तेव्हा येईल. पण किती वाजता हाक मारली ते नोंदलं जातं. उद्या कोर्टात "वेळ नव्हता" हे तुम्हालाच दाखवायचं आहे. सगळ्या संशयापलीकडं सिद्ध करायची गरज नाही, तुमचं म्हणणं संभवनीय वाटलं तरी पुरतं. पण काहीतरी समोर ठेवावं लागतं. आणि हत्यार चाललंच, तर पळायचं नाही. जखमी कुणीही असो, त्याला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करायची, हत्यार पोलिसांच्या हवाली करायचं, वकील गाठायचा. पळाला त्याचा बचावही पळाला.

दुसरा मुद्दा कट्ट्याचा. मी आंधळा नाही. काही पोरांच्या मोबाईलमध्ये मी फोटो बघतो, हातात गावठी कट्टा, मागं गाणं. अरे, कुणाला भिववताय? विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं बाळगलं तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. जातदांडग्याला तुझ्यावर हल्ला करायची गरजच उरत नाही. एक फोन केला की तू आत. आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, बाप जामिनासाठी बैल विकतो, शिक्षण संपतं. आणि खरोखर वेळ आली तर तो कट्टा तुझ्याच हातात फुटतो. कट्टा मिरवणारा पोरगा वस्तीचं रक्षण करत नाही, वस्तीला धाड दाखवतो.

आपण ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी केली, त्या ब्लॅक पँथरचं बघा. ऑक्टोबर १९६६, अमेरिकेतलं ओकलंड. पक्षाच्या मूळ नावातच स्वसंरक्षण होतं. तिथल्या कायद्यात भरलेली बंदूक उघडपणे बाळगायची मुभा होती. ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांची पोरं बंदुका आणि कायद्याचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरली. मग काय झालं? १९६७ साली कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला! गोऱ्याच्या खांद्यावर बंदूक होती तोवर ती स्वातंत्र्य होती, काळ्याच्या खांद्यावर आली आणि गुन्हा झाली. ४ डिसेंबर १९६९ ला शिकागोत एकवीस वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे अंथरुणातच गोळ्या घातल्या. जवळ बंदुका असूनही तो वाचला नाही.

त्याच देशात लुइझियानामध्ये १९६४ साली दुसरी माणसं उभी राहिली, डीकन्स फॉर डिफेन्स. बरेचसे निवृत्त सैनिक, कारखान्यातले कामगार. दिवसा चळवळीची पोरं निःशस्त्र मोर्चा काढायची, रात्री हे बापय क्लॅनच्या गाड्यांवर पहारा द्यायचे. मिरवणं नाही, गाणं नाही. बंदूक दारामागं, शिस्त दारापुढं. दोन्ही उदाहरणं आपली आहेत. पहिल्याकडून धाडस घ्या, दुसऱ्याकडून शिस्त घ्या.

आता कुणी म्हणेल, आपण बुद्धाची लेकरं, आपल्याला हत्याराची भाषा शोभते का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये या सवालाची सोडवणूक केली आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद त्यांनी तिथं मांडला. सिंह सेनापतीनं बुद्धाला हेच विचारलं होतं. शांततेचे सगळे उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला बुद्धानं दोषी धरलं नाही. मात्र मनात द्वेष ठेवू नको म्हणून बजावलं. बघा मित्रांनो, धम्म आणि कायदा इथं एकाच जागी येऊन उभे राहतात. गरज आहे तोवर हात उचल. गरज संपली आणि इच्छा उरली, की हात खाली.

बाबासाहेबांनी हे करूनही दाखवलं. २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो म्हणून आपल्या लोकांवर लाठ्या चालल्या. आपल्यात लष्करातले पेन्शनर होते. पलटणीत लढलेले गडी. एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. का? ती माणसं भेकड होती म्हणून? हल्ला ओसरला होता. आता हात उचलला असता तर तो सूड ठरला असता, आणि तळ्याचा सवाल दंगलीत बुडाला असता. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना शिक्षाही झाली. आणि तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढून १९३७ साली आपण जिंकला. ज्याला हत्यार चालवता येतं तोच ते आवरतो, तेव्हा त्याला संयम म्हणतात.

आणि हल्लेखोर गणवेशात असेल तर? परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. तिथं कुठली बंदूक काय करणार होती? त्याची माय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश तिनं मिळवला. त्या माउलीच्या हातात फक्त कागद होता.

म्हणून शेवटचा मुद्दा कागदाचा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ साली नियम आले. त्यातला नियम ३ काढून वाचा. अत्याचार होण्याचा संभव आहे अशी गावं सरकारनं आधी हुडकायची. गरज वाटली तर तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे, त्यांच्या नातेवाईक-नोकरांचेही शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना संरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यायचे. होय, सरकारच्याच राजपत्रात लिहिलंय! शस्त्र कायद्याचं कलम १४ सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. सात-बारा नाही म्हणून कुणी हाकललं तर हे कलम टेबलावर ठेवा.

मी प्रत्येक झोपडीत बंदूक मागत नाही. नियम ज्या क्रमानं लिहिलाय त्याच क्रमानं मी मागतो. पहिल्यांदा, ज्याच्या हातात आधीच आहे त्याची काढा. मग, जिथं खरा धोका आहे तिथं, शिकलेल्या, शिस्तीच्या, दारू न पिणाऱ्या माणसाला, शक्यतो माजी सैनिकाला, परवाना द्या. इथून गेल्यावर प्रत्येक तालुक्याच्या शाखेनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा. जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती? अनुसूचित जातींच्या माणसांकडं किती? नियम ३ खाली आजवर किती रद्द केले, किती दिले? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा भरली पाहिजे. ती कधी भरली, त्यात हा विषय निघाला का? आकडे हातात आले की आपण मोर्चाचं बोलू.

या मातीत औंढ्याचं देऊळ आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना शिंपी म्हणून देवळामागं हाकललं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं लोक सांगतात. आपल्यासाठी देऊळ फिरलं नाही, ठाणं फिरलं नाही, बंदुकीची नळीही फिरली नाही. आपल्याला ती फिरवून घ्यायची आहे, अर्ज करून, लढून, कोर्टात उभं राहून. पण ती आपल्या हातात येईल त्या दिवशी चापावरचं बोट विचाराचं असलं पाहिजे.

सेनगावच्या गड्या, मिळालं उत्तर? जीव वाचवायला हत्यार काढणं हा तुझा हक्क आहे आणि तो कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. पण तो एका क्षणाचा हक्क आहे. त्या क्षणाच्या आधी ११२, अर्ज, संघटना. त्या क्षणानंतर कोर्ट, पुरावा, संघटना. तो क्षण कुणावर येऊ नये, यासाठी आपण इथं जमलोय.

जय भीम!